सव्वा मूठ गहू

धुळ्यात देवपूरच्या बाजूला पहाटे फिरायला गेलात, तर रस्त्याच्या कडेनं पळणारी पोरं दिसतील. पायात थोरल्या भावाचे सैल बूट, अंगात घामानं चिकटलेलं बनियन, आणि चेहऱ्यावर असा भाव की आपण वेळेत पोहोचलो नाही तर देशाचं काही खरं नाही. त्यांच्यामागून सायकलवर ओरडत जाणारा एक टकला म्हातारा दिसेल, तो मी. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. नाव शांतवन गावित, मूळ गाव साक्रीच्या वरच्या डोंगरात. पण सगळे मला सुभेदार नाना म्हणतात. राग आला की बायकोसुद्धा.

पोरांना पळवणं हे खरं तर माझं काम नव्हे. ते प्रवीण सरांचं. भरतीपूर्व प्रशिक्षणाची अकॅडमी त्यांची आहे. पळणं, बीमला लोंबकळून हनुवटी वर नेणं, खड्डा ओलांडणं, लेखी परीक्षेची तयारी, सगळं ते बघतात. मला त्यांनी बोलावलं ते "पोरांना जरा मोटिव्हेशन द्या" म्हणून. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला तो खुराकातला काही प्रकार वाटला, दुधातून द्यायचा. मग कळलं की पोरगं घाबरलं, रुसलं, प्रेमात पडलं किंवा घरी पळून जायला निघालं, की त्याला धरून जागेवर आणायचं, याला हल्ली मोटिव्हेशन म्हणतात. हे मी फौजेत आयुष्यभर केलं होतं, त्याला एवढं भारी नाव आहे हे मात्र ठाऊक नव्हतं.

फौजेत हे काम माझ्याकडे आलं मंदिर परेडमुळे. बाहेरच्या माणसाला सांगायला हवं: पलटणीत दर रविवारी जवान देवापुढे जमतात, आणि साहेबाचा स्वतःचा धर्म कुठलाही असो, तो जवानांच्या देवापुढे बूट काढून उभा राहतो. आम्ही ख्रिस्ती लोक पलटणीत बोटांवर मोजण्याइतके. वर बर्फात आमच्यासाठी पाद्री कुठून येणार? तेव्हा शास्त्र वाचायचं आणि प्रार्थना सांगायची, हे माझ्या गळ्यात पडलं. कारण माझा आवाज मोठा होता. दुसरी पात्रता नव्हती.

एकदा एक नवं पोरगं चौकीवर आलं आणि आईची आठवण काढून हमसाहमशी रडायला लागलं. मी लगेच त्याच्याशेजारी बसलो आणि देव आपल्याला कसा एकटं सोडत नाही, ते समजावू लागलो. बराच वेळ मी बोलत होतो आणि पोरगं रडत होतं. शेवटी लंगरातला, म्हणजे पलटणीच्या स्वयंपाकघरातला, एक बुजुर्ग हवालदार आला, त्यानं मला दंडाला धरून उठवलं आणि पोराच्या हातात गरम पुऱ्यांची थाळी दिली. पोरगं खाता खाता गप्प झालं. मग सोलायला कांदे दिले. डोळ्यांतलं पाणी चालूच राहिलं, पण आता त्याला लाजायचं कारण नव्हतं.

तेव्हा मला आमच्या शास्त्रातली एक गोष्ट नव्यानं कळली. एक संदेष्टा जिवाला कंटाळून रानात जातो, झाडाखाली आडवा पडतो आणि देवाकडे मरण मागतो. देवदूत येतो. तो उपदेश बिपदेश करत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी त्याच्या उशाशी ठेवतो, खाऊ घालतो, पुन्हा झोपू देतो. देवाला जे बोलायचं ते तो बऱ्याच दिवसांनी, बऱ्याच अंतरावर बोलतो. माझा सगळा धंदा या एका गोष्टीवर चालतो. अकॅडमीत पळणं संपलं की कडुनिंबाखाली पोरांना आधी गूळ-शेंगदाणे, मग दोन शब्द, आणि शेवटी मी डोळे मिटून प्रत्येकाचं नाव घेऊन प्रार्थना करतो. ज्याला बसायचं त्यानं बसावं, ज्याला उठायचं त्यानं उठावं. बहुतेक बसतात. शेंगदाणे उरलेले असतात हेही कारण असेल.

पोरं जवळजवळ सगळी हिंदू शेतकऱ्यांच्या घरची. पारोळा, भडगाव, साक्री, कुठून कुठून येतात आणि खोल्या करून राहतात. मारुतीला नारळ फोडून मग माझ्या प्रार्थनेला बसतात, म्हणजे दोन्हीकडून बंदोबस्त. एकानं मला बाजूला घेऊन विचारलं, "नाना, उंचीसाठी प्रार्थना चालते का? थोडीच कमी पडते." मी म्हटलं, उंचीचं काम माझ्याकडे नाही, तू लेखीचं सांग. दुसऱ्या एका बहाद्दरानं मेडिकलमध्ये कानात मळ दिसला तर अडवतात म्हणून आदल्या दिवशी दोन्ही कानांत भरपूर तेल ओतलं. मळ निघाला असेल, पण डॉक्टरांनी त्याचं नाव पुकारलं ते त्याला ऐकूच आलं नाही. तो बाकावर हसत बसून राहिला.

आता भूषणकडे येतो, कारण हे सगळं लिहायला बसलो ते त्याच्यासाठीच.

भूषण पाटील पारोळ्याजवळच्या एका खेड्यातला. पळायला सशासारखा. त्याचे वडील हिंमत आबा त्याला अकॅडमीत सोडायला आले तेव्हा आमची प्रार्थना चालू होती. ती संपेपर्यंत आबा टोपी सावरत लांब उभे राहिले आणि मग सरळ माझ्यासमोर आले.

"नाना, पोऱ्याले पयाडा, झोडा, काय करनं ते करा. पन आमना देव सोडाले लावू नका. आताच सांगी ठेवस."

"आबा," मी म्हटलं, "मना पाद्री माले कायम बोलस, तू प्रचारमा एकदम कच्चा शे. तुमी काय्जी करू नका."

ते हसले नाहीत. माणूस हसणाऱ्यांपैकी नव्हताच. हातभर रुंद पंजे, बोलणं मोजकं, आणि नजर अशी की आपण आपोआप शर्टाचं वरचं बटण लावावं. पण पोराला सोडून गेले.

भूषण पहिल्याच भरतीत लागला. अग्निवीर म्हणून ट्रेनिंग सेंटरला गेला आणि माझ्या रविवारच्या गिऱ्हाइकांत त्याची भर पडली. हेही सांगायला हवं: सेंटरमध्ये रंगरुटांना फोन मिळतो तो बहुधा रविवारी, थोडा वेळ. त्यात पोरगं आधी आईला लावतं, मग जिचं नाव आईला सांगितलेलं नसतं तिला लावतं, आणि वेळ उरला तर मला. म्हणून चर्चमधून आलो की मी फोन चार्जिंगला लावून त्याच्याजवळ बसतो. मार्था, म्हणजे माझी बायको, म्हणते, "रविवार देवाचा म्हणता आणि दिवसभर त्या यंत्रापुढे हात जोडून बसता." मी तिला सांगतो की हीच माझी दुसरी उपासना. तिला हे पटलेलं नाही.

भूषणचे फोन सुरुवातीला झकास असायचे. शिकवणारा उस्ताद कसा ओरडतो, दाल कशी पातळ असते, कसम परेडला अख्खं गाव जीप करून कसं येणार आहे. कसम परेड म्हणजे ट्रेनिंग संपताना रंगरूट शपथ घेऊन जवान होतो तो दिवस. आबांनी तिची घोषणा गावात आधीच करून टाकली होती. मग फोन आखडत गेले. मग कळलं की पोरगं दोरावर अडकलंय.

दोर चढण्याची परीक्षा सगळ्यांना असते. हातांनी वर जायचं, वरच्या आडव्या लाकडाला हात लावायचा आणि सावकाश उतरायचं. भूषणचे पाय पोलादी, पण हात अर्ध्यातच सुटायचे. पुन्हा पुन्हा संधी देऊनही जमेना, तेव्हा त्याला मागच्या, म्हणजे ज्युनियर बॅचमध्ये टाकायचं ठरलं. त्याच्या बरोबरीची पोरं शपथ घेणार आणि हा कालच्या पोरांबरोबर पुन्हा उजव्या-डाव्या पायापासून सुरू करणार. फौजेत यात काही पाप नाही. माझ्या ओळखीचे कितीतरी चांगले सुभेदार असे मागे पडून पुढे गेलेत. पण कोवळ्या वयात ते मेल्याहून मेल्यासारखं वाटतं.

त्यानं घरी सांगितलं त्या रविवारी आबांनी सगळं ऐकलं आणि एक शब्द न बोलता फोन बायकोच्या हातात दिला. त्यानंतर घरात त्यांनी पोराचं नाव काढलं नाही. पोरानं त्याचा अर्थ लावायचा तो लावला आणि घरी बोलणंच बंद केलं. हे मला सुमन अक्कांकडून, म्हणजे भूषणच्या आईकडून कळलं.

"नाना, तो फक्त तुमलेच फोन लावस," अक्का म्हणाल्या. "रविवारे आमना घर कानबाई शे, तरी तुमी या. तुमी आठे ऱ्हायनात म्हंजे माले धीर व्हई."

कानबाई हा खानदेशाबाहेर फारसा ठाऊक नसलेला सण, म्हणून थोडं सांगतो. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाला नाक-डोळे, नथ, लुगडं करून देवीला चौरंगावर बसवतात. गाणी, डफ, दंगा विचारू नका. पण सगळ्यात महत्त्वाचे ते रोट. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू मोजून घेतात, त्याच्या पिठाचे हे जाडजूड रोट, पुरणाशी खायचे. ते फक्त भाऊबंदांनी खायचे. परक्याला द्यायचे नाहीत आणि उरवायचे तर मुळीच नाहीत. त्यामुळे सुरतेला, पुण्याला पोटासाठी गेलेलं खानदेशी माणूस त्या दिवशी धावतपळत घरी येतं.

मी चर्चमधून थेट एसटी धरली आणि दुपारी पोहोचलो. घर माणसांनी फुललेलं. देवीचा नैवेद्य होऊन पंगत बसलेली. मी परका, त्यामुळे मला ओट्यावर चहा आणि केळी. आतून पुरणाचा आणि गंगाफळाच्या, म्हणजे लाल भोपळ्याच्या, भाजीचा वास येत होता आणि मी सैनिकाच्या शिस्तीनं केळं सोलत होतो. हिंमत आबा दोनदा माझ्यासमोरून गेले. दोन्ही वेळा त्यांना अचानक दुसरीकडे काम निघालं.

फोन वाजला तसा मी डफाच्या आवाजापासून लांब म्हणून गोठ्यात गेलो. अक्का मागोमाग आल्या. मी स्पीकर लावला.

"नाना, मी ठराई टाकं," भूषण म्हणाला. आवाज अगदी शांत, आणि मला रडणाऱ्यापेक्षा शांत आवाजाचीच जास्त भीती वाटते. "उद्या साहेबले सांगस, माले ऱ्हावानं नही. नाव कमी करा. घर बी येत नही. सुरत जास, दोस्तकडे."

नाव एकदा कमी झालं की पुन्हा लागत नाही. उद्या सकाळी त्यानं साहेबापुढे तोंड उघडलं की संपलं. मी माझं ठेवणीतलं हत्यार काढलं. म्हटलं, भूषण, तो संदेष्टा झाडाखाली पडला होता, आठवतं का...

"नाना, भाकरनी गोष्ट माले पाठ शे. बठ्ठा पोऱ्यासले पाठ शे."

इतक्या वर्षांत माझी गोष्ट कुणी अशी मधेच कापली नव्हती. मी मग फौजेचं सांगितलं, मागे पडून पुढे गेलेल्यांचं सांगितलं. तो नुसता हूं हूं करत होता. प्रार्थना करू का म्हटलं, तर म्हणाला, "करा, पन मी जास." समोर म्हैस रवंथ करत होती आणि माझ्याकडे अशी बघत होती की आता बोला सुभेदार. नुसतं काहीतरी बोलायचं म्हणून मी अक्कांना विचारलं, "अक्का, रोटसना गहू मोजात, त्यामा भूषणनी मूठ घाली का?"

"घाली ना!" अक्का जवळजवळ भांडायलाच उठल्या. "मना पोऱ्या काय पारका शे का? मी मोजाले बसनू, ते त्याना आबानी मना हात धरा. म्हनेत, तुनी मूठ धाकली पडस. मंग त्यासनी सोता भरी."

मी फोन अक्कांच्या तोंडाजवळ धरला.

"आबासनी?" भूषण म्हणाला.

"मंग कोनी?"

"मंग मना वाटाना रोट कोन खाई राहिना?"

"तुना आबाच खाई राहिनात. कोनले हात लावू देत नहीत."

"माय, त्यासले गोडनं पित्त व्हस ना," भूषण म्हणाला, आणि मग त्याचा शांत आवाज गेला. तो रडायला लागला, लहान पोरासारखा. मलाही भरून आलं, ते लपवायला मी म्हशीला उगाच थोपटलं.

मागे कुणीतरी उभं होतं. हिंमत आबा. हाताला पुरण लागलेलं, चेहरा नेहमीचाच. कधी आले, किती ऐकलं, देव जाणे. त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि स्पीकर कुठल्या बाजूला आहे ते न कळल्यामुळे कपाळासमोर धरला.

"दोरले पायनी आटी मार," ते ओरडले. "हात फक्त धराले. भार पायवर. हिरमा उतरतस तसा!"

हिर म्हणजे विहीर, आटी म्हणजे विळखा. पलीकडून नाक ओढत भूषण म्हणाला, "उस्ताद बी हाईच सांगस."

"मंग ऐकत का नही, बावळा!"

बोलणं एवढंच झालं. त्यांनी फोन मला परत दिला. भूषणनं मला विचारलं, साहेबाला काय सांगू? मी सांगितलं, ज्युनियर बॅचमध्ये बसतो म्हणून सांग, आणि आवाज मोठा ठेव. मग तोच म्हणाला, "नाना, आते करा प्रार्थना." मी आबांकडे पाहिलं. आबांनी गोठ्याच्या छपराकडे पाहिलं आणि टोपी काढली. बाहेर कानबाईची गाणी चालली होती, आणि मी गोठ्यात उभा राहून भूषणच्या हातांसाठी आणि पायांसाठी देवाकडे मागणं केलं. पायांची आटी विसरलो नाही.

सगळेच फोन असे संपत नाहीत, हेही लिहून ठेवतो. भडगावकडचा एक पोरगा असाच मागे पडला होता. त्याच्याशी मी याहून कितीतरी चांगलं बोललो होतो असं मला वाटतं. तो दुसऱ्या दिवशी नाव कमी करून आला. आता बसस्टँडवर मोबाइलची कव्हरं विकतो आणि मी दिसलो की पाठ फिरवतो. मी त्याच्यासाठी अजून रोज प्रार्थना करतो, आणि एखाद दिवशी कव्हर घ्यायला जायचं धाडस करणार आहे. त्याच्या घरी मी गेलो नव्हतो. जायला हवं होतं का, कुणास ठाऊक.

भूषण दोर चढला. मला त्यानं फोनवर सांगितलं ते एवढंच, "नाना, वरथून सेंटर मोठं मस्त दिखस." कसम परेडला ठरल्याप्रमाणे जीप गेली, थोडी उशिरा इतकंच. मलाही कोंबलं. आबा जातायेता झोपलेले होते, मात्र परेडच्या वेळी डोळ्यांची पापणी लवली नाही.

यंदा कानबाईला भूषण सुट्टीवर घरी होता. मला आमंत्रण आलं. मार्थालाही होतं, पण तिच्या गुडघ्यांनी एसटी नाकारली. मी ओट्यावर माझ्या नेहमीच्या जागी बसलो आणि केळ्यांची वाट बघू लागलो. अक्का बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "नाना, मझार चाला."

आत पंगतीत एक पाट रिकामा होता, आबा आणि भूषणच्या मधला. ताटात रोट, पुरण, भाजी. मी दारातच थबकलो. एक तर मला साखरेचा आजार. दुसरं म्हणजे देवीपुढे ठेवलेलं मी खात नाही. कधीच खाल्लं नाही, पलटणीतही नाही, आणि कुणी त्याचं वाईट मानलं नाही. पण इथे नाही कसं म्हणायचं? अक्कांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "देवीपुढे ठेयेल नही, नाना. तुमना न्यारा काढेल शे. तव्यावरथून सरळ ताटमा."

पंगतीतल्या एका थोरल्या चुलत्यांना हे मानवलं नाही. "पन हिंमत, रोट भाऊबंद सोडी कोनले देतस नहीत ना."

आबांनी घास गिळला. "त्याना नावनी मूठ मोजेल शे," ते म्हणाले. "मी मोजेल शे."

मी पाटावर बसलो. सवयीनं डोळे मिटले आणि जेवणाआधीची प्रार्थना मनात म्हणू लागलो, पण ती सुरळीत होईना. डोळे उघडले तर भूषण हात मागे घेऊन माझी वाट बघत थांबलेला, आणि आबाही.

रोट चांगलाच मोठा होता. भूषण कानाशी कुजबुजला, "नाना, उराडानं नही हं." मी डॉक्टरांची मनातल्या मनात माफी मागितली आणि सगळा संपवला.